शाळा उघडली, पण भरली का?

नुंगंबाक्कमच्या कॉलेज रोडवर दोन सरकारी कार्यालयं आहेत. एक प्रादेशिक हवामान केंद्राचं. चेन्नईच्या पावसाचे आकडे देताना बातम्यांमध्ये ‘नुंगंबाक्कम’ हे नाव येतं, ते याच केंद्रामुळे. दुसरं शालेय शिक्षण विभागाचं, ज्याला जुने लोक अजूनही ‘डीपीआय’ म्हणतात. वादळ कधी येणार ते पहिल्या ठिकाणाहून कळतं, परीक्षा पुढे गेली का ते दुसऱ्या. या दोन्हींच्या मधले दिवस कोण सांभाळतं, हे मात्र मला डिसेंबर २०२३ मध्ये आमच्या मजल्यावरच्या सहावीतल्या एका मुलामुळे कळलं.

मिचाँग चक्रीवादळ तुम्हाला आठवत असेल. ते किनाऱ्यावर आलं ५ डिसेंबरला, आंध्रातल्या बापटलाजवळ. पण त्याआधी ३ आणि ४ तारखेला त्याने चेन्नईला झोडपून काढलं. वीज गेली, मोबाइलची रेंज गेली, कितीतरी वस्त्यांमधून माणसांना होडीने बाहेर काढावं लागलं. बंद झालेल्या शाळा ११ तारखेला, सोमवारी उघडल्या. सहामाही परीक्षा पुढे ढकलून १३ पासून ठेवली होती. म्हणजे हाताशी दोन दिवस.

या मुलाला मी संध्याकाळी इंग्रजी शिकवते. सोमवारी तो आल्या आल्या मी म्हटलं, “चल, पुस्तक काढ. परवा परीक्षा आहे.”

तो म्हणाला, “अक्का, आज माझ्या बाकावर मी एकटाच होतो.”

“येईल रे तो उद्या. आधी धडा वाच.”

त्याने वाचला. त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही, हे मला दिसत होतं. तरी मी पुढचा धडा काढायला लावला. याची मला आजही लाज वाटते.

त्याचा मित्र सखल भागातल्या वस्तीत राहतो. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वेळापत्रक आलं, सूचना आल्या, पण मित्राच्या घरून एक अक्षर नाही. त्याच्या आईचा नंबरही लागेना. फोनच पाण्यात गेला असेल, हे आम्हा मोठ्यांना सुचायला रात्र झाली. मुलाच्या आईला वेगळीच काळजी लागली होती. २०१५ च्या पुरानंतर अड्यार आणि कूवम नद्यांच्या काठची कितीतरी कुटुंबं शहराच्या दक्षिण टोकाला, पेरुंबाक्कमच्या वसाहतीत हलवली गेली, तीही शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना. इथून ते अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं. काही मुलं रोज बसने जुन्या शाळेत येत राहिली, काहींची शाळाच सुटली. “तेव्हा माझ्या भाचीच्या वर्गातल्या दोन मुली पुन्हा दिसल्याच नाहीत,” त्या म्हणाल्या.

खबर आणली ती ऑटोवाल्या अण्णांनी. दोन्ही मुलं त्यांच्याच ऑटोने शाळेत जातात. इंजिनात पाणी गेल्यामुळे सोमवारी ते आले नव्हते. कोणतं मूल कोणत्या गल्लीत उतरतं, घरी कुलूप असलं तर कोणाकडे सोडायचं, हे सगळं त्यांना पाठ. मंगळवारी दुपारी ते स्वतः जाऊन आले. कुटुंब मामाकडे होतं, सगळे सुखरूप होते, दप्तर तेवढं गेलं होतं.

पुस्तकं-वह्या गमावलेल्या मुलांना त्या पुन्हा देण्याचं सरकारने ठरवलं होतं. पण पेपर तर उद्यावर आलेला! मग एकीने वह्यांच्या झेरॉक्स काढल्या, एकीने कंपासपेटी दिली, अण्णा संध्याकाळी पुन्हा निघाले. बुधवारी मित्र मामेभावाच्या मोठ्या चपला घालून शाळेत आला. त्या दिवशी पेपर कसा गेला, हे मी विचारलं नाही. मुलानेच सांगितलं, “अक्का, तो आला.”

कोकणातल्या वाचकांनी याची दुसरी बाजू पाहिली आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. रायगड-रत्नागिरीत कितीतरी शाळांचे पत्रे उडाले, तेव्हा करोनामुळे वर्ग आधीच रिकामे होते. गावांमधली पहिली ते चौथीची मुलं वर्गात परतली १ डिसेंबर २०२१ ला, वादळानंतर जवळजवळ दीड वर्षाने. पंचनाम्यात पत्रे मोजता येतात, बाकं मोजता येतात. कोणाचा सोबती आला नाही, याला पंचनाम्यात रकाना नसतो.

म्हणून तुम्हाला तीन गोष्टी सुचवते. पहिली, मुलाला त्याच्याच अक्षरात कागदावर यादी करायला सांगा: जवळच्या मित्रमैत्रिणींचे पत्ते, घराजवळची खूण, आईबाबांखेरीज आणखी एक नंबर. फोन बंद पडला तरी कागद उपयोगी पडतो. दुसरी, भिजलेल्या वह्या लगेच टाकू नका. पानांमध्ये वर्तमानपत्राचे कागद घालून, ते बदलत राहून वाळवा. पेनाची शाई पसरते, पण पेन्सिलचं लिखाण बऱ्याचदा वाचता येतं. आणि तिसरी, शाळा पुन्हा सुरू होईल त्या दिवशी ‘काय शिकवलं?’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘कोण कोण आलं होतं?’ एखादं नाव राहिलं तर त्याच संध्याकाळी चौकशी करा. मी एक संध्याकाळ घालवली, तुम्ही घालवू नका.

आमच्या मजल्यावरच्या मुलाची यादी आता त्यांच्या फ्रिजवर लावलेली आहे. त्यात पहिलं नाव ऑटोवाल्या अण्णांचं आहे. तुमच्या घरच्या यादीत पहिलं नाव कोणाचं असेल?