विवाहसंस्काराला वयोमर्यादा आहे काय?

आपल्या धर्मग्रामांतून विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरे नित्यनेमाने भरतात. संततिनियमनाच्या नैसर्गिक पद्धतीवर तेथे तासन् तास बोलले जाते. परंतु पंचेचाळिशी ओलांडलेल्या, पाळी थांबू लागलेल्या पत्नीला आपण काय सांगतो? ‘आता ते वय सरले, जपमाळ हाती घ्या’ एवढेच. आणि पतीने कुरकुर केलीच, तर पत्नीधर्माची आठवण. या दोन्ही उपदेशांना धर्माचा आधार नाही, असे मला स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

पोप सहावे पॉल यांच्या १९६८ च्या ‘ह्युमाने व्हिटे’ या परिपत्रकानुसार, दांपत्याच्या इच्छेबाहेरील कारणांनी गर्भधारणा होणार नसली तरी त्यांचा समागम उचितच राहतो. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना पती व पत्नी दोघांवर सारखेच दायित्व ठेवले आहे, आणि दूर राहावयाचे तर तेही परस्परसंमतीने. आपल्या मंडळींना यातला पत्नीपुरता भाग तेवढा पाठ असतो!

आता शरीराविषयी. रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, योनिमार्ग कोरडा व नाजूक होतो, समागम दुखू लागतो. आणि जे दुखते त्याची ओढ कोणाला वाटेल? त्यात घामाने होणारी झोपमोड, नोकरी, अंथरुणाला खिळलेली सासू. नैराश्यावरील काही औषधांनीही कामेच्छा मंदावते. शस्त्रक्रियेत दोन्ही बीजकोश काढले असतील तर हा सारा बदल एकाएकी कोसळतो.

कोरडेपणावर वंगण देणारी जेल आणि इस्ट्रोजेनचे स्थानिक मलम उपलब्ध आहे. पोटातून घ्यावयाच्या संप्रेरकांची धास्ती २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासानंतर पसरली. परंतु त्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आतील, पाळी थांबून दहा वर्षे न उलटलेल्या निरोगी स्त्रीला त्रास होत असेल, तर लाभ बहुधा धोक्याहून अधिक असतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीची गोष्ट मात्र वेगळी; तिने तज्ज्ञाला विचारल्यावाचून काहीही घेऊ नये.

इच्छा उणावली आणि तिची खंत त्या स्त्रीला नसेल, तर तो आजारही नव्हे. मग तिला दवाखान्यात धाडण्याचा हक्क पतीलाही नाही.

लग्नाची पंचवीस वर्षे पूर्ण करणाऱ्या दांपत्यांना आपण वेदीसमोर आशीर्वाद देतो, फोटो काढतो, केक कापतो. त्यांच्यासाठीही एखादे शिबिर ठेवावे, स्त्रीरोगतज्ज्ञ बोलवावी. आणि ते महिला मंडळाच्या माथी मारून मोकळे होऊ नये. पहिल्या रांगेत पतींना बसवावे.