हेलसिंकी ते टोकियो : अंतर तेच, तास वेगळे

#थ्रेड

पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजले, तर हेलसिंकी आणि टोकियो यांच्यातील अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर भरते. दोन्ही शहरे जागची हललेली नाहीत, विमानांचा वेगही गेल्या चाळीस वर्षांत फारसा वाढलेला नाही. तरीही हा प्रवास आधी तेरा तासांचा होता, मग साडेनऊ-दहा तासांवर आला आणि आता पुन्हा तेरा तासांचा झाला आहे. बदलत गेली ती मधल्या देशाची मर्जी.

आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक राष्ट्राची संपूर्ण सत्ता, हे तत्त्व १९४४च्या शिकागो परिषदेत मान्य झाले. परक्या विमानांना नुसते वरून जाऊ देण्याचा वेगळा करारही तिथेच झाला. रशियाने तो आजतागायत स्वीकारलेला नाही. शीतयुद्धाच्या काळात सैबेरियाचे आकाश पाश्चात्त्य विमानांना बहुतांशी बंद होते. म्हणून १९५७ साली स्कँडिनेव्हियन विमाने कोपनहेगनहून अलास्कातील अँकरेजला थांबून टोकियोला जाऊ लागली. १९८३ साली फिनएअरने जादा इंधनटाक्या बसवलेले डीसी-१० विमान उत्तर ध्रुवावरून, कुठेही न थांबता, थेट टोकियोला नेले. पश्चिम युरोपातून जपानला विनाथांबा जाणारी ही पहिलीच सेवा.

हा वळसा भित्रेपणाचा नव्हता. त्याच वर्षी १ सप्टेंबरला कोरियन प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे मेली.

सोव्हिएत संघ कोसळला, सैबेरियाची वाट खुली झाली. (फुकट नव्हे. युरोपीय कंपन्या त्यासाठी एअरोफ्लोटला घसघशीत शुल्क मोजत.) आशियाला जवळचे युरोपीय विमानतळ म्हणून हेलसिंकीची भरभराट झाली, छोट्या फिनलंडने आपला सारा विमानव्यवसाय या जवळिकीवर उभा केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले. युरोपीय संघाने रशियन विमानांना आकाश बंद केले, रशियाने परतफेड केली, आणि फिनएअर पुन्हा ध्रुवावर गेली.

ध्रुव ओलांडणाऱ्या प्रवाशांना कंपनी प्रमाणपत्र देते. त्याचे कौतुक मला मुळीच वाटत नाही. तीन-चार तासांचे जादा इंधन आणि जादा भाडे यांवर चिकटवलेले ते रंगीत लेबल आहे. चिनी कंपन्यांची विमाने तर आजही सैबेरियावरूनच युरोपात येतात. म्हणजे अंतर किती, हे विमानाच्या शेपटीवरचा झेंडा ठरवतो. शाळेच्या नकाशावहीत किलोमीटरचे कोष्टक असते, या झेंड्यांचे नसते. ते असायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याला हे परके वाटू नये. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोपला निघालेली आपली विमाने आधी दक्षिणेला अरबी समुद्राकडे वळू लागली. दिल्लीहून लाहोर जेमतेम सव्वाचारशे किलोमीटर आहे.