कोयत्यात बाईचं नाव कुठाय?



दसरा-दिवाळी झाली की नायगाव, मुखेड, कंधारकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यातूनही माणसं निघतात. मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' अशी नोंद होते. पण एक कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता! उचल नवऱ्याच्या हातात, अंगठाही नवऱ्याचाच. बाई मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडी भरते, कोपीवर येऊन भाकरी थापते. वहीत मात्र ती नाही.

एक दिवस खाडा पडला की दंड. बाईला पाळी येते, ती काय मुकादमाला विचारून येते? फडात संडास नाही, न्हाणी नाही, कापड धुवायला पाणी नाही. मग ओटीपोट दुखतं, अंगावरून जातं. दवाखान्यात गेलं तर डॉक्टर म्हणतो, पिशवी काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. पैसा कुठून? मुकादमाकडून. म्हणजे ते फेडायला पुढच्या साली पुन्हा कोयता.

ही उडती बातमी नाही. २०१९ साली तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं की, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायांच्या पिशव्या काढल्या. मग नीलम गोऱ्हे यांची समिती बसली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहातली एक! २०१५-१६ च्या देशभरच्या सरकारी पाहणीत हाच आकडा शंभरात तीनच्या आसपास होता. देशातल्या बाकीच्या बायांची पिशवी चांगली आणि ऊस तोडणारीचीच खराब, असं कसं?

काही जण म्हणतात, बाया आपल्या मर्जीनं काढतात. एका बाजूला खाडा, दुसऱ्या बाजूला कॅन्सरचं भ्या. याला मर्जी म्हणायचं का? पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर हाडं ठिसूळ होतात, कंबर जाते. त्याच कंबरेनं पुन्हा मोळी उचलायची.

सरकारनं नियम केला : बीडात पिशवी काढायच्या आधी सिव्हिल सर्जनची परवानगी. एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानंही सगळ्या राज्यांना गरज नसलेल्या अशा ऑपरेशनांना आळा घालायला सांगितलं. चांगलं झालं. पण डॉक्टरच्या सुरीला लगाम घातला, बाईला सुरीपर्यंत ढकलणारा खाडा तसाच राहिला. बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९६१ साली झाला, २०१७ पासून रजा २६ आठवड्यांची झाली. ती ऑफिसातल्या बाईला मिळते. फडातल्या बाईला कारखाना म्हणतो, तू आमची नाहीस, मुकादमाची. मुकादम म्हणतो, तू तुझ्या नवऱ्याबरोबर आलीस. जिला कामगारच धरत नाहीत, तिला रजा कोण देणार?

म्हणून मागणी एकच आहे : बाईची नोंद स्वतंत्र, मजुरी तिच्या हातात. तिची नोंद झाली तरच रजा, दवाखाना, संडास मागायला जागा राहते. आजारपणाचा आणि पाळीचा खाडा बंद झाला पाहिजे. टोळी निघायच्या आधी आणि परत आल्यावर बायांची तपासणी सरकारी दवाखान्यात, फुकट झाली पाहिजे.

आता आपल्याच घरात बघू. मुकादमाला शिव्या देतो, पण आपली वही कशी आहे? वनहक्क कायदा २००६ चा. कलम ४(४) सांगतं, लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया पाहिजेत. दाव्याच्या ग्रामसभेत हजर माणसांतही एक तृतीयांश बाया नसतील तर कोरम होत नाही. आणि आपण काय करतो? रजिस्टर घरी पाठवून तिचा अंगठा घेतो. मग मुकादमात आणि आपल्यात फरक काय राहिला?

जमीन तिच्या नावावर असली, जंगलातला मोह-तेंदू विकून पैसा तिच्या हाती आला, तर फडावर जायचं का नाही, हे तिला ठरवता येईल. जमिनीची लढाई आणि पिशवीची लढाई वेगळी नाही.

टोळ्या निघायच्या आत गावागावांत ग्रामसभा घ्या. कोण कोण ऊसतोडीला जातंय त्याची यादी करा, त्यात बाईचं नाव वेगळ्या ओळीत लिहा. ठरावाची नक्कल तहसीलला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला द्या, पोच घ्या. आणि हा अंक वाचता न येणाऱ्या बायांना वाचून दाखवा.

लढेंगे, जीतेंगे!