वऱ्हाडातला प्रवासी मुक्कामाला केव्हा थांबणार?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर अवघ्या १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्यात आला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. वर्षानुवर्षे खड्ड्यांतून हाडे खिळखिळी करून घेणाऱ्या वऱ्हाडवासीयांनी या विक्रमाचे मनापासून स्वागत केले. त्याच वर्षाच्या अखेरीस समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. जून २०२५ मध्ये तो ७०१ किलोमीटर लांबीनिशी पूर्ण झाला. त्याआधी एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. म्हणजे वऱ्हाडात यायला आता वाट नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही एक प्रश्न उरतोच. या वाटांवरून येणारा प्रवासी येथे थांबतो किती आणि जाताना खिशातले चार पैसे येथल्या माणसाच्या हाती ठेवून जातो किती?

हा प्रश्न केवळ हौशी भटकंतीचा नाही. कापूस आणि सोयाबीन या दोन पिकांवर उभा असलेला हा प्रदेश पावसाच्या एका दडीने आणि भावाच्या एका घसरणीने कोलमडतो. शेतकरी आत्महत्यांचे दुर्दैवी सातत्य अमरावती विभागाने अनुभवले आहे. शेतीला पूरक असे दुसरे उत्पन्न गावातच मिळावे, हा येथल्या अर्थकारणाचा कळीचा मुद्दा आहे. पर्यटन हे त्याचे एकमेव उत्तर नव्हे. परंतु कारखाना न उभारता, मोठी जमीन न घेता रोजगार देऊ शकणारे ते मोजक्या उत्तरांपैकी एक आहे. राज्य शासनाच्या २०२४ च्या पर्यटन धोरणाने दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि १८ लाख रोजगारांचे लक्ष्य ठेवले आहे. त्यातला वऱ्हाडचा वाटा किती, हे विचारण्याचा अधिकार अमरावती-अकोल्याला निश्चितच आहे.

परिपथांच्या नकाशावर

केंद्र सरकारने २०१४-१५ मध्ये 'स्वदेश दर्शन' योजना सुरू केली. एकट्यादुकट्या स्थळाऐवजी समान सूत्राने जोडलेल्या स्थळांची साखळी, म्हणजेच परिपथ विकसित करावा, ही त्यामागची कल्पना होती. बौद्ध, रामायण, कृष्ण, सूफी, तीर्थंकर, आदिवासी, वन्यजीव, ग्रामीण, सागरी असे एकूण १५ विषय निश्चित झाले आणि ७६ प्रकल्पांना पाच हजार कोटींहून अधिक रकमेची मंजुरी मिळाली. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले दोनच प्रकल्प आले. एक सिंधुदुर्गाचा सागरी परिपथ आणि दुसरा २०१८-१९ मध्ये मंजूर झालेला वाकी-आदासा-धापेवाडा-पारडसिंगा-तेलनखेडी-गिरड हा आध्यात्मिक परिपथ. दुसरा विदर्भातला असला तरी तो नागपूर आणि वर्ध्यातच संपतो. वर्धा नदी ओलांडून तो पश्चिमेकडे आलाच नाही.

यातली खरी विसंगती कृष्ण परिपथात दिसते. द्वारका, नाथद्वारा, जयपूर, सीकर, कुरुक्षेत्र, मथुरा, वृंदावन, गोकुळ, गोवर्धन, बरसाना, नंदगाव आणि पुरी अशी बारा स्थळे त्यात आहेत. पाच राज्यांत पसरलेल्या या यादीत रुक्मिणीचे माहेर मात्र नाही. तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी वसलेले कौंडण्यपूर हे विदर्भराज भीष्मकाची राजधानी मानले जाते. मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननातून येथल्या प्राचीन वस्तीचा पुरावा पुढे आला. येथून पंढरपूरला जाणाऱ्या रुक्मिणीमातेच्या पालखीची परंपरा १५९४ पासूनची सांगितली जाते. अमरावतीची अंबादेवी आणि रुक्मिणीहरणाची कथा यांचे नाते तर लहान मूलही सांगेल. ज्याच्या कथेचा सर्वांत नाट्यपूर्ण प्रसंग वऱ्हाडच्या मातीत घडल्याचे लोकमानस मानते, त्याच्या परिपथात वऱ्हाड नसावे, हे दुर्लक्ष दिल्लीचे की आपल्या पाठपुराव्याचे, याचा विचार लोकप्रतिनिधींनी करावयास हवा.

अर्थात, यादीत नाव आले असते म्हणजे सारे साधले असते, असेही नव्हे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात या योजनेवर कठोर ताशेरे ओढले. योजना आखण्यापूर्वी व्यवहार्यतेचा अभ्यास झाला नाही आणि कामे रेंगाळली, हा त्याचा मथितार्थ. त्याच वर्षी आलेल्या 'स्वदेश दर्शन २.०' मध्ये केंद्राने परिपथाची कल्पना मागे ठेवून 'स्थळ' हा केंद्रबिंदू धरला. महाराष्ट्रातून सिंधुदुर्ग आणि अजिंठा-वेरूळ यांची निवड झाली. पुढे २०२४ मध्ये भांडवली साहाय्याच्या योजनेत सिंधुदुर्ग आणि नाशिक यांना संधी मिळाली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांत विदर्भातला एकही नाही.

नेमके येथेच वऱ्हाडचे गणित वेगळे आहे. आमच्याकडे अजिंठा नाही. एकट्याच्या बळावर परदेशी पाहुण्याला खेचून आणील, असे एकही स्थळ नाही. आहेत ती मध्यम उंचीची, पण एकमेकांना खेटून असलेली अनेक स्थळे. त्यामुळे केंद्राने परिपथाची कल्पना बाजूला ठेवली तरी वऱ्हाडला ती सोडून चालणार नाही.

सूत्रे आहेत, धागा नाही

पहिले सूत्र संतांचे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव हे गाडगेबाबांचे जन्मस्थान. वलगावजवळ त्यांनी २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवला आणि अमरावतीत त्यांची समाधी आहे. यावली हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे जन्मगाव, तर गुरुकुंज मोझरी त्यांची कर्मभूमी. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांचे माधान आणि महानुभाव पंथाचे रिद्धपूर याच परिसरात. गोविंदप्रभूंच्या सान्निध्याने पावन झालेल्या रिद्धपुरातच म्हाइंभटांनी मराठीतला आद्य गद्य चरित्रग्रंथ 'लीळाचरित्र' सिद्ध केला. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठही उभे राहिले. साताऱ्याच्या भिलारला २०१७ मध्ये 'पुस्तकांचे गाव' म्हणून लौकिक मिळू शकतो, तर जेथे मराठी गद्याने पहिली पावले टाकली त्या गावाला का नाही?

दुसरे सूत्र इतिहासाचे. नोव्हेंबर १८०३ मध्ये अकोला जिल्ह्यातील अडगावच्या रणांगणावर आर्थर वेलस्लीने भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. १५ डिसेंबरला त्याने गाविलगड घेतला आणि दोनच दिवसांनी अचलपूरजवळच्या देवगाव येथे तह होऊन वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरविले. अडगाव, नरनाळा, अचलपूर आणि गाविलगड यांना जोडणारी वाट ही भारताच्या इतिहासाला कलाटणी देणाऱ्या काही आठवड्यांची वाट आहे. नरनाळ्याचा १४८७ चा महाकाली दरवाजा, बाळापूरची मिर्झाराजे जयसिंहांची छत्री आणि बार्शीटाकळीचे यादवकालीन मंदिर त्यात सहज गुंफता येते.

तिसरे सूत्र अरण्याचे. व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होता. कोरकू संस्कृती, चिखलदऱ्याची कॉफी, मध आणि मोहफूल ही त्याची ओळख. याशिवाय वरुड-मोर्शीच्या संत्राबागा, अंजनगावचे पानमळे आणि पानपिंपळी आहेत. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून लागू आहे. संत्रा तोडून खाण्यासाठी शहरातले कुटुंब पैसे मोजते, हे आमच्या बागायतदाराला अजून पुरेसे पटलेले नाही.

हंगामाचे कोडे

आजचे वऱ्हाडी पर्यटन म्हणजे प्रत्यक्षात पावसाळ्यातले चिखलदरा. जुलै ते सप्टेंबर या काळात शनिवार-रविवारी घाटात वाहनांच्या रांगा लागतात. मात्र त्याच महिन्यांत व्याघ्र प्रकल्पाचा गाभा पर्यटकांना बंद असतो आणि कोरकू कुटुंबांच्या हाताला शेतीचे काम असते. खरी नड सुरू होते ती पिके निघाल्यानंतर. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी मेळघाट सोडतात आणि होळीला परततात. म्हणजे पाहुणा येतो तेव्हा माणसाला सवड नाही आणि माणसाला कामाची गरज असते तेव्हा पाहुणा नाही. कोणत्याही आराखड्याने पहिल्यांदा हे कोडे सोडवले पाहिजे.

त्याचे उत्तर आपल्या पंचांगात आहे. कार्तिकात कौंडण्यपूरची यात्रा व दहीहंडी, त्याच सुमारास मोझरीचा पुण्यतिथी महोत्सव, २० डिसेंबरला गाडगेबाबांची पुण्यतिथी, त्यानंतर जानेवारीभर चालणारी बहिरमची जत्रा, महाशिवरात्रीला सालबर्डी आणि मग मेळघाटातली होळी. संत्र्याचा आंबिया बहार आणि मृग बहार याच महिन्यांत बाजारात येतात. गडकोट पाहण्याचा ऋतूही हाच. ऑक्टोबर ते मार्च असा सलग सहा महिन्यांचा हंगाम वऱ्हाडी माणसाने शतकानुशतके स्वतःसाठी आखून ठेवला आहे. शासनाने तो बाहेरच्या माणसाला समजेल अशा रीतीने मांडायचा एवढेच बाकी आहे.

युरोपातील सांतियागो दे कोंपोस्तेला या तीर्थाकडे जाणाऱ्या पायवाटांना १९८७ मध्ये युरोपीय परिषदेने पहिल्या सांस्कृतिक मार्गाचा दर्जा दिला. त्या वाटेवरची खेडी जगतात ती पदयात्रींच्या मुक्कामावर आणि जेवणावर. आपल्याकडे पालख्या आहेत, शेगावकडे निघणाऱ्या पायदळ दिंड्या आहेत, श्रावणात गांधीग्रामच्या पूर्णेचे पाणी अकोल्याच्या राजराजेश्वराला नेणारी कावडयात्रा आहे. वाट आहे, चालणारे आहेत. उणीव आहे ती स्वच्छ निवाऱ्याची.

पैसा जातो कुठे?

आजवरचे आराखडे बांधकामावर खर्च झाले. मोझरी, वलगाव आणि कौंडण्यपूर यांच्यासाठी राज्याने विकासकामे हाती घेतली. चिखलदऱ्यात सिडकोने सुमारे ४०७ मीटर लांबीच्या स्कायवॉकचे काम २०१८ मध्ये सुरू केले आणि वन व पर्यावरणाच्या मंजुरीअभावी ते वर्षानुवर्षे रखडले. सभागृह, प्रवेशद्वार आणि पेव्हर ब्लॉक यांना विरोध असण्याचे कारण नाही. मात्र त्यातून कंत्राटदाराचे देयक निघते, गावाचे उत्पन्न निघतेच असे नाही.

केरळने वेगळी वाट धरली. २००८ च्या सुमारास कुमरकोम येथे जबाबदार पर्यटनाचा प्रयोग झाला. तेथील हॉटेलांना लागणारी भाजी, अंडी आणि नारळ गावातल्या महिला गटांकडून घेण्याची व्यवस्था पंचायतीच्या पुढाकाराने बसविण्यात आली. किती पर्यटक आले यापेक्षा गावात किती पैसा राहिला, हा तेथे हिशेब झाला. परतवाडा आणि चिखलदऱ्याच्या हॉटेलांत ज्वारीची भाकरी, ठेचा आणि पाटवडी मिळावी, त्यासाठीचे धान्य व भाजी मेळघाटच्या बचत गटांकडून घेतली जावी आणि मार्गदर्शक म्हणून कोरकू तरुण असावा, यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत. लागतो तो खरेदीचा करार आणि तो पाळण्याची सक्ती.

अडचण आहे ती विखुरलेल्या अधिकारांची. किल्ला पुरातत्त्व खात्याचा, भोवतालचे जंगल वन विभागाचे, रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, निवास पर्यटन महामंडळाचा आणि बस एसटीची. त्यात नरनाळा अकोला जिल्ह्यात, गाविलगड अमरावतीत. दोन्ही सातपुड्याच्या एकाच रांगेत असले तरी नियोजन समित्या दोन आहेत. समृद्धी महामार्ग अकोला जिल्ह्याला स्पर्शही करत नाही आणि शिवणीच्या धावपट्टीचे विस्तारीकरण रखडले आहे. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली दोन्ही जिल्ह्यांचे एकच पर्यटन मंडळ, एकच वेळापत्रक आणि सुटीच्या दिवशी अकोला व अमरावती स्थानकांवरून सुटणारी परिपथ बस, एवढ्यापासून आरंभ करता येईल. मुर्तिजापूर-अचलपूर ही कापसासाठी घातलेली अरुंद मार्गाची 'शकुंतला' बंद पडली आहे. तिचा काही भाग वारसा रेल्वे म्हणून जपला गेला तर ती या परिपथाची ओळख ठरू शकेल. मात्र वाघाच्या अधिवासात वाहनांची झुंबड उडवून मिळणारा पैसा फार काळ टिकणार नाही, याचे भान राखावे लागेल. मेळघाटात गर्दी वाढविण्यापेक्षा ती पायथ्याच्या गावांत मुक्कामाला थांबविणे शहाणपणाचे ठरेल.

गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे धर्मशाळा उभारल्या. देवळाच्या कळसापेक्षा वाटसरूला पाठ टेकण्यासाठी मिळणारी स्वच्छ जागा मोलाची, हे त्यांनी जाणले होते. त्यांच्याच वऱ्हाडात आज प्रवासी मुक्काम न करता पुढे निघून जातो. यापुढच्या प्रत्येक आराखड्याची परीक्षा एकाच आकड्याने व्हावी: पाहुणा येथे किती रात्री राहिला आणि त्या रात्रींचे पैसे कोणाच्या घरी गेले. तो आकडा दरवर्षी जाहीर करण्याची तयारी प्रशासनाने दाखविली, तरच वऱ्हाडच्या परिपथाला अर्थ येईल.