पासपोर्ट साडेनऊ वर्षांचाच समजा



उलव्याला आपला नवी मुंबई विमानतळ झाला. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले, २५ डिसेंबरपासून विमाने उडू लागली. तेव्हापासून आमच्या सोसायटीत कुठे कुठे फिरायला जायचे याचेच बोलणे चालते. परवा सामायिकानंतर एक मैत्रीण म्हणाली, "माझ्या पासपोर्टला अजून पाच महिने आहेत, काळजी नाही." मी तिला तिथेच थांबवले. हेच वाक्य एकदा मीही बोलले होते.

मुलीचे पहिले बाळंतपण सिंगापूरला होते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जायचे, ऑगस्टअखेर परत यायचे. पासपोर्टची मुदत नोव्हेंबरपर्यंत. मी बी.कॉम. झालेली, घरचा पैशापैशाचा हिशेब ठेवणारी. ऑगस्ट काही नोव्हेंबरनंतर येत नाही, असे धरून निवांत होते. तिकीट काढले, सुंठ-डिंकाचे लाडूही बांधून झाले. व्हिसाचे कागद द्यायला गेले तेव्हा समोरच्या मुलाने पासपोर्ट उघडून पाहिला आणि परत माझ्या हातात ठेवला. सिंगापूरला जायचे तर पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक लागते. माझ्याकडे पाचही पुरते नव्हते.

मग तत्काळचे पैसे भरले. नवा पासपोर्ट आला, त्यावर व्हिसा झाला, तोवर तिकीट दोनदा पुढे ढकलले. मी पोहोचले तेव्हा नात सोळा दिवसांची झाली होती. जावयांनी रजा काढून सगळे निभावले होते. मुलगी मला एका शब्दाने बोलली नाही, तेच जास्त लागले.

इथे परतल्यावर बायका समजूत घालायच्या, "कर्माचा उदय, दुसरे काय!" मला हे पटत नाही. तत्त्वार्थसूत्रात कर्मबंधाची पाच कारणे सांगितली आहेत: मिथ्यात्व, अविरती, प्रमाद, कषाय आणि योग. त्यातला तिसरा तो प्रमाद. उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीर गौतमस्वामींना क्षणभरही प्रमाद करू नकोस म्हणून पुन्हा पुन्हा बजावतात. तो उपदेश आत्म्यासाठी आहे, पासपोर्टसाठी नाही, हे मला कळते. पण दहा वर्षे आधी छापून ठेवलेली तारीख बघायची राहिली, तर तो दोष कर्मावर ढकलता येत नाही. जिथे पुरुषार्थ आपल्या हातात होता, तिथे नशिबाचे नाव घेणे म्हणजे स्वतःची सुटका करून घेणे.

"इतक्या लवकर नवा काढला तर उरलेले महिने फुकट जातात," असेही काहीजणी म्हणतात. खरे आहे. जुन्याचे उरलेले महिने नव्यात मिळवून देत नाहीत, नवी मुदत नव्या तारखेपासूनच धरतात. पण हिशेब करून बघा. ३६ पानांच्या पासपोर्टची फी १५०० रुपये, मुदत दहा वर्षे. म्हणजे महिन्याला साडेबारा रुपये. नऊ महिने आधी काढला तर नुकसान ११२ रुपये ५० पैसे. तत्काळचे जादा द्यावे लागतात २००० रुपये, आणि बदललेल्या तिकिटाचे वेगळेच. नात सोळा दिवसांची होईपर्यंत दिसली नाही, ते कोणत्या खात्यात लिहायचे?

म्हणून माझे मत असे, की पासपोर्ट दहा वर्षांचा समजूच नये, साडेनऊ वर्षांचा समजावा. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. दुबई, थायलंड इथेही सहा महिन्यांचीच अट आहे. युरोपात शेंगेन देशांतून परत निघण्याच्या तारखेनंतर तीन महिने मुदत लागते. नातवंडांचे तर वेगळेच बघावे लागते, कारण १५ वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. पत्ता बदलला असेल तर पोलीस पडताळणीचे दिवस धरा. जुन्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर घाबरू नका. तो मुदत असेपर्यंत चालतो, फक्त प्रवासात दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यायचे.

आणखी एक, जरा बोचणारे. गॅस कधी संपेल, यांच्या गोळ्या किती उरल्या, कोणाची आठम-चौदस, कोणाचा उपवास, सगळे आपल्या डोक्यात असते. आपला स्वतःचा पासपोर्ट मात्र यांच्या कपाटात, यांच्या फाइलमध्ये. "ते बघतील" म्हणून आपण तो उघडतही नाही. त्यावर फोटो आपला आहे, सही आपली आहे, मग तारीखही आपणच बघायला हवी.

आता मी दिवाळीला वहीपूजन झाले की नव्या वहीच्या पहिल्या पानावर घरातल्या प्रत्येकाच्या पासपोर्टची तारीख लिहिते, आणि शेजारी एक वर्ष आधीची तारीख लाल शाईने. कुठेही जायचे ठरले की आधी ते पान बघायचे, तिकीट नंतर.

त्या मैत्रिणीने त्याच संध्याकाळी मुलाला बसवून अर्ज भरला. तुम्ही दिवाळीची वाट बघू नका. हे वाचून झाले की आधी कपाट उघडा.