हजार माणसांमागे एक

शिरूर तालुक्यातील कारेगाव आता नावापुरतेच गाव उरले आहे. शेजारी रांजणगावची औद्योगिक वसाहत वाढली आणि शिवारात भाड्याच्या खोल्यांच्या रांगा उठल्या. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कंत्राटी कामगार त्या खोल्यांत पाळीपाळीने झोपतात. मोटारी, फ्रिज, कपडे धुण्याची यंत्रे या वसाहतीतून देशभर जातात. ती जोडणाऱ्या कामगाराच्या घरी बाळंतपण आले, लेकराला ताप भरला, तर सरकारी आरोग्ययंत्रणेचा दरवाजा कोठे आहे हे दाखवावयाचे काम एकाच व्यक्तीवर सोपविलेले आहे. ती म्हणजे आशा स्वयंसेविका. लोकांच्या तोंडी आशाताई.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा हजार लोकसंख्येमागे एक आशा असा दंडक ठरला. पण कोणती हजार माणसे? २०२१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे नियोजनाचा आधार दीर्घकाळ २०११ चे आकडेच राहिले. कारखान्याच्या गावात एवढ्या अवधीत एक नवे गाव वसते, आणि ते कोणत्याच तक्त्यात नसते. शिवाय आशेची निवड ग्रामसभेने करावयाची. भाडेकरूचे नाव मतदारयादीत असते ते नांदेडला किंवा दरभंग्याला. ज्याला तिची गरज सर्वांत अधिक, त्याला तिच्या निवडीत मत नाही आणि तिच्याबद्दल तक्रार करावयाची तर व्यासपीठही नाही.

मोबदल्याची रीत पाहिली म्हणजे हा दोष अधिक स्पष्ट होतो. आशेचे उत्पन्न मुख्यतः नगावर ठरविण्यात आले. प्रसूतीनंतर घरी जाऊन नवजात बालकाची तपासणी करावयाची ती बेचाळीस दिवसांत सहा वेळा. त्या सर्व भेटी पुऱ्या झाल्या म्हणजे २५० रुपये. क्षयरोग्याने औषधांचा पूर्ण क्रम संपविला म्हणजे त्याचा मोबदला. स्थिर वस्तीत हे कसेबसे चालते. कारेगावसारख्या ठिकाणी गरोदर स्त्री सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते, आणि ठेकेदाराने काम बंद केले की क्षयरोगी खोली सोडून चाकणला निघून जातो. आशाताईने चार महिने घातलेल्या खेपा हिशेबात धरल्या जात नाहीत. नगावर मजुरी देणारा कारखानदार निदान कच्चा माल तरी पुरवतो! अशा व्यवस्थेत शहाणी बाई आपले पाय गावठाणातील ओळखीच्या घरांकडे वळवील, तर तिला दोष देता येणार नाही. खोल्यांच्या रांगेत जाणे हा तिच्या दृष्टीने तोट्याचा व्यवहार आहे, आणि तो सरकारने मुद्दाम तसा ठेवला आहे.

येथे समाजवाद्यांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्याची योजना आरंभिली, तेव्हा आरोग्यमंत्री राजनारायण होते, आपल्याच चळवळीतले. कल्पना थोर होती : लोकांचे आरोग्य लोकांच्या हाती. हजार वस्तीमागे एक कार्यकर्ता हे प्रमाण तेव्हाचेच. त्याचे मानधन मात्र दरमहा ५० रुपये. सेवाभावाच्या नावाखाली श्रमाचे मोल टाळण्याची वाट तेथे रुळली, आणि ती आपण रुळू दिली. पुढे त्याच कार्यकर्त्यांनी वेतन मागितले, तेव्हा त्यांना स्वयंसेवक म्हणून वाटेला लावणे सोपे गेले. २००५ मध्ये पुरुषाच्या जागी स्त्री आली, एवढाच काय तो फरक.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर, दलित स्त्रियांनाही आरोग्यसेविका म्हणून घडविले. तेथील यशाचा दाखला सरकारी कागदांत वारंवार येतो. तथापि जामखेडमध्ये प्रशिक्षण अखंड चाले आणि सेविकेच्या पाठीशी तिचे ऐकणारा दवाखाना होता, हा अर्धा भाग मात्र उतरून घेताना गळतो. दुवा दोन टोकांना बांधावा लागतो. रुग्णाला घेऊन गेलेल्या आशाताईला तेथे डॉक्टर जागेवर नाही हे ऐकून परतावे लागले, तर दुसऱ्यांदा तिच्या शब्दावर कोणी घराबाहेर पडत नाही.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातील आशांचा गौरव केला. गौरव झाला, वेतन झाले नाही. महाराष्ट्रात जून २०२१ मध्ये त्यांना संप करावा लागला, पुन्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि दिलेला शब्द कागदावर येईना म्हणून जानेवारी २०२४ मध्ये परत. तेव्हा कोठे मार्चमध्ये दरमहा पाच हजारांची वाढ पदरात पडली. तिलाही मानधनच म्हटले गेले. योजनांवर काम करणाऱ्या स्त्रियांना कामगार मानावे, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने २०१३ सालीच केली होती.

संघटनेचे काम आता या शिफारशीपासून धरले पाहिजे. पण केवळ वेतनाच्या मागणीवर थांबून भागणार नाही. कंत्राटी कामगाराच्या पगारातून राज्य विम्याची वर्गणी कापली जाते, आणि त्याच्या बायकोला त्या विम्याचा दवाखाना कोठे आहे हे ठाऊक नसते. तो विषय श्रम खात्याचा, आशाताई आरोग्य खात्याची. कारेगावच्या खोल्यांची गणती कार्यकर्त्यांनी स्वतः दारोदार जाऊन करावी, प्रत्येक खोलीत किती माणसे, किती गरोदर स्त्रिया, किती लेकरे लसीवाचून, हे लिहून काढावे, आणि तो कागद ग्रामसभेत व जिल्हा परिषदेत एकाच आठवड्यात ठेवावा. सोबत स्थानिक आशाताई असावी. आणि त्या दिवसांची तिची बुडालेली कमाई संघटनेने भरून द्यावी.