जुन्या भोंग्यांचे क्रॉसओव्हर आणि विक्रेत्याचा शब्द

कापडाच्या व्यापाऱ्याने स्पीकरवर लिहावे याचे वाचक बंधूंना नवल वाटेल. पण स्पीकरच्या तोंडावर जे जाळीचे कापड ताणतात ते विरळ विणीचे, आवाज न अडवणारे असावे लागते, आणि असे कापड आम्ही मुंबईच्या चोर बाजारातील मिस्त्री लोकांना वर्षानुवर्षे देत आलो आहोत. कापड मोजता मोजता चहा होतो आणि दुसऱ्याच्या धंद्यातले चार शब्द कानी पडतात. या वेळी मात्र नुसते ऐकून भागले नाही, पदरचे पैसे गेले.

एकपडदा चित्रपटगृहे बंद पडू लागली तसे पडद्यामागचे मोठे भोंगे भंगारात येऊ लागले. त्यात कधी कधी अमेरिकेच्या आल्टेक लान्सिंग कंपनीचा माल निघतो. या कंपनीने १९४५ साली ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ ही मालिका काढली. त्यातला ए-७ हा नमुना शौकिनांना फार प्रिय. खाली लाकडी डब्यात १५ इंची वूफर, वर धातूचा भोंगा आणि त्याच्या पाठीमागे ड्रायव्हर. ८०० हर्ट्झच्या खालचा आवाज वूफरकडे आणि वरचा भोंग्याकडे पाठवण्याचे काम क्रॉसओव्हर करतो. दिसायला हा कॉइल आणि कंडेन्सर भरलेला साधा डबा. पण सगळा हिशेब त्यात असतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींनी अशी जोडी दुरुस्त केली आणि आमच्या शब्दावर ती पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने ‘असली’ म्हणून घेतली. महिनाभरात जोडी परत आली. एका डब्यातून गाणारी बाई समोर उभी आहे असे वाटे, दुसऱ्यातून तीच बाई शेजारच्या खोलीतून ओरडते आहे असे. उघडून पाहिले तर एका ड्रायव्हरचा जळालेला डायफ्राम बदललेला होता. मूळचा १६ ओहमचा, बसवलेला ८ ओहमचा. क्रॉसओव्हर जसाच्या तसा. आल्टेकचे ड्रायव्हर आधी १६ ओहमचे असत, पुढे ८ ओहमचेही निघाले, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. मल्टिमीटर लावला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

येथे थोडे गणित सांगणे भाग आहे. एकच कंडेन्सर लावून ८०० हर्ट्झवर आवाज कापायचा तर १६ ओहमला सुमारे १२.४ मायक्रोफॅरड लागतात, ८ ओहमला त्याच्या दुप्पट. आल्टेकच्या क्रॉसओव्हरमध्ये कॉइलही असल्याने हिशेब लांबतो, पण तात्पर्य तेच: क्रॉसओव्हर हा त्या ओहमच्या मापाने शिवलेला अंगरखा आहे. अंग बदलले की तो बसत नाही. आमच्या जोडीत ८०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडला आणि वरचा आवाज चढला.

क्लिप्श कंपनीच्या जुन्या डब्यांतही असाच फसवा प्रकार आहे. तेथे मधल्या भोंग्याचा आवाज कमी करायला एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. भोंगा टोचतो म्हणून मिस्त्री तार एका टोकावरून दुसऱ्यावर नेतात. आवाज ३ डेसिबल उतरतो, गिऱ्हाईक खूष. पण त्याबरोबर कंडेन्सरला दिसणारा भार दुप्पट होतो आणि कापण्याची जागा निम्म्यावर घसरते. १३ मायक्रोफॅरडच्या जागी निम्म्या मापाचा कंडेन्सर लावला नाही तर खालचा जड आवाज नाजूक भोंग्यावर येऊन पडतो.

कोणी म्हणतात, जुन्या मालाला हातच लावू नये. हे आम्हाला पटत नाही. कंडेन्सर वयाने खराब होतात. इलेक्ट्रोलिटिक तर सुकतातच. ते बदलावेत. फक्त नव्या फिल्म कंडेन्सरचा अंतर्गत रोध कमी असल्याने आवाज थोडा उजळतो, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. हल्ली डिजिटल प्रोसेसर लावून जुना क्रॉसओव्हर काढूनच टाकतात. तेही चालेल, पण काढलेला डबा भंगारात देऊ नये. जपानपर्यंत या मालाचे शौकीन आहेत आणि मूळ क्रॉसओव्हर नसलेल्या जोडीची किंमत ते वेगळी करतात.

एक गोष्ट मात्र पैशाची नाही, जिवाची आहे. जुन्या तेलाच्या कंडेन्सरमध्ये पीसीबी नावाचे विषारी रसायन असू शकते. अमेरिकेने १९७९ साली त्यावर बंदी घातली. तांब्या-पत्र्याच्या लोभाने आपली पोरे असे डबे फोडतात, जाळतात. जाळल्याने तर विष आणखी वाढते. खात्री नसेल तर विष आहेच असे धरून चालावे, डबा फोडू नये, गळत असेल तर उघड्या हाताने उचलू नये. उस्तादाने शागिर्दाला सोल्डर धरायला शिकवण्याआधी हे शिकवावे.

आता त्या मिस्त्रींविषयी. ते बेईमान नाहीत. पाच वक्तांचे नमाजी, हात सोन्याचा. ‘मी ऐब लपवला नाही, मी तर बिघडलेले चालू करून दिले,’ असे ते कळवळून म्हणाले. खरी अडचण येथेच आहे. विकणाऱ्याने मालाचा ऐब सांगितला पाहिजे हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. पण बदललेला भाग हाही सांगण्याचा विषय आहे, हे कोणी शिकवत नाही. आमच्या धंद्यात रफू केलेली शाल नवी म्हणून विकली तर ती फसवणूक, मग रफू कितीही बारीक असो. रफू सांगून विकली तर रफूगराचेही नाव होते. आम्हीही दोषी होतोच. जे आम्ही तपासले नव्हते त्याला आमचा शब्द दिला. गिऱ्हाइकाचे पैसे आम्ही दोघांनी निम्मे निम्मे भरले.

त्यानंतर मिस्त्री प्रत्येक जोडीबरोबर पर्ची देतात: कोणता कंडेन्सर बदलला, जुन्याचे माप काय, नव्याचे काय, दोन्ही डायफ्राम किती ओहमचे. काढलेले भाग पिशवीत बांधून सोबत. पहिली पर्ची पाहून दोन गिऱ्हाइके निघून गेली, तिसऱ्याने घासाघीस न करता पैसे मोजले. पर्ची ते उर्दूत लिहितात, बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला ती वाचता येत नाही. म्हणून कापड द्यायला गेलो की ती मराठीत उतरवून देण्याचे काम आमच्याकडे आले आहे. मल्टिमीटर लावून ओहम आम्ही आता स्वतः पाहतो आणि मगच लिहितो.